दोन पाने आणि एक फूल

गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाविषयी आपल्या समाजात दोन वाक्ये वारंवार कानांवर पडतात. पहिले अभिमानाने उच्चारले जाते : ‘गोवा कॅथलिकांनी राखला.’ दुसरे बाहेरचा कुणीतरी, बहुधा निवडणुकीच्या हंगामात, टोमणा म्हणून ऐकवतो : ‘गोवा ख्रिस्त्यांनी महाराष्ट्रापासून तोडला.’ वरवर पाहता ही विधाने एकमेकांच्या उलट वाटतात. वस्तुतः ती एकाच समजुतीची दोन रूपे आहेत. अमुक धर्माचा माणूस म्हटला की त्याचे मत अमुक बाजूलाच पडणार, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. समाज तेवढा मत देतो. माणूस केवळ त्याच्या मागून चालतो, असा हा हिशेब.

महाराष्ट्रात राहणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना या हिशेबाचा दुहेरी जाच होतो. भाषा पाहून एक पक्ष आपल्याला आपल्यात मोजतो, धर्म पाहून दुसरा मोजतो, आणि आपण अजून तोंड उघडलेलेही नसते. म्हणूनच त्या कौलाची हकीकत थोडी सावकाश, आकड्यांसह, पुन्हा एकदा वाचावी असे वाटते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. सालाझारच्या राजवटीत खुल्या राजकीय चर्चेला वाव नव्हता. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, पक्ष नव्हते, आणि सरसकट प्रौढ मताधिकार तर कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता. अशा प्रदेशात मुक्तीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, विधानसभेची पहिली निवडणूक झाली. सभागृह तीस जागांचे. त्यांपैकी अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची व एक दीवची. ज्या नेहरूंच्या सरकारने गोवा मुक्त केला, त्यांच्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दिल्लीतील पंडितांना हा धक्काच होता. कृतज्ञता ही एक गोष्ट व मत ही दुसरी, हे या नवख्या मतदाराने पहिल्याच फटक्यात दाखवून दिले होते. पण तिकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

जागा वाटल्या गेल्या त्या दोन स्थानिक पक्षांत. दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या व त्याच्या साथीदारांच्या पदरी सोळा जागा पडल्या, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाच्या वाट्याला बारा. पहिल्या पक्षाच्या मागे प्रामुख्याने हिंदू बहुजन समाज होता : कुळे, मुंडकार, पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहिलेली माणसे. पुढारी मात्र खाणमालक. इतिहासाला असले विरोधाभास आवडतात. दुसऱ्या पक्षाच्या मागे बहुसंख्य कॅथलिक व काही हिंदू होते, आणि भाटकारांचा पक्ष अशी त्याची हेटाळणी होत असे. बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि १९६४ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आणला. ज्याच्या बापजाद्यांनी भाटकाराच्या दारात हात जोडून उभे राहण्यात आयुष्य घालवले, त्याला या सरकारविषयी काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको.

खरी गाठ पडली ती येथे. पक्षाच्या नावातच ‘महाराष्ट्रवादी’ हे विशेषण होते आणि गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे त्याचे जाहीर उद्दिष्ट होते. साहजिकच पक्षाच्या पाठीराख्यांनी म्हणायला सुरुवात केली की, लोकांनी आम्हाला निवडून दिले त्या अर्थी विलीनीकरणाला संमती दिली. आता पुन्हा विचारायचे ते काय? १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने तसा ठराव केला, महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही केला. हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही. पक्षाने आपला हेतू लपवलेला नव्हता. तथापि त्यात दोन गफलती होत्या.

एक म्हणजे, आपल्या निवडणूक पद्धतीत जागांचे बहुमत व लोकांचे बहुमत या एकच गोष्टी नव्हेत. उमेदवार दहा मतांनी जिंको वा दहा हजार मतांनी, जागा एकच मोजली जाते. सासष्टीसारख्या तालुक्यात एका पक्षाच्या मतांची रास पडली, तरी त्या राशीचा उपयोग पेडण्यात किंवा सत्तरीत होत नाही. दुसरी गफलत अधिक खोल आहे. १९६३ साली मत देणाऱ्या कुळाच्या मनात जमीन होती, शाळा होती, भाटकाराची दहशत होती. या सगळ्यांबरोबर विलीनीकरणही त्याच पुडीत बांधून आले. पुडी घेतली म्हणजे आतली प्रत्येक वस्तू मागून घेतली असे होत नाही. हे बाजारात जाणाऱ्या कुठल्याही गृहिणीला कळते. राजकीय पक्षांच्या कार्यकर्त्यांना मात्र ते कधी कळल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा प्रश्न सुटा करून विचारावा, अशी मागणी पुढे आली. डॉ. सिक्वेरा व त्यांचे सहकारी दिल्लीच्या वाऱ्या करीत होते. काँग्रेसचे गोव्यातील नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही नेहरू घराण्याशी असलेला आपला स्नेह या कामी खर्ची घातला. त्यांच्याच पक्षाची महाराष्ट्रातील मंडळी विलीनीकरणाच्या बाजूची होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे काकोडकरांच्या भूमिकेचे मोल कळते. नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण काही काळ राखण्याचे आश्वासन दिले होते. पण १९६४ च्या मे महिन्यात ते गेले, आणि १९६६ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रीही गेले. अखेर इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा संमत केला. जुनागढमध्ये १९४८ साली लोकांचे मत घेतले गेले होते, पुढे १९७५ साली सिक्कीममध्येही घेतले गेले. पण तेथे प्रश्न भारतात सामील होण्याचा होता. भारतात राहूनच, कोणत्या घरात राहायचे, हे लोकांना थेट विचारले गेले ते गोव्यात.

याच सुमारास एक महत्त्वाची गोष्ट घडली, जिचा उल्लेख या कौलाच्या वर्णनांत घाईघाईने उरकला जातो. सत्तेवरचा पक्ष स्वतःच एका बाजूने प्रचारात उतरलेला असताना मतदान निर्भयपणे कसे होणार, असा आक्षेप विरोधकांनी घेतला, आणि केंद्र सरकारने तो मान्य केला. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. ज्याच्या हाती कुळकायद्याची अंमलबजावणी, शाळामास्तरांच्या नेमणुका आणि पोलीस आहेत, तो कौल मागायला दारात उभा राहिला की गरीब माणसाचे मत त्याचे एकट्याचे उरत नाही. राजीनाम्यामुळे ते थोडेफार त्याचे झाले. उलट, गोव्याबाहेर मुंबईत वा अन्यत्र पोटापाण्यासाठी गेलेल्या गोवेकरांनाही मत असावे ही मागणी फेटाळली गेली. त्यात कॅथलिकांची संख्या मोठी होती. म्हणजे दोन्ही पक्षांचे काही मान्य झाले, काही झाले नाही.

मतपत्रिकेवर दोन चित्रे होती. विलीनीकरण हवे असेल त्याने फुलावर शिक्का मारायचा, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल त्याने दोन पानांवर. युनायटेड गोवन्स पक्षाला खरे तर स्वतंत्र घटक राज्य हवे होते. पण तिसरे चित्र मतपत्रिकेवर नव्हतेच. स्वतंत्र विचार करणाऱ्याला बहुतेक वेळा हीच अडचण येते. आपले मत बारीकसारीक विचार करून बनवावे, आणि समोर दोनच खाने असावेत.

प्रचाराविषयी काय सांगावे? महाराष्ट्रातून नामवंत नेते व वक्ते आले. गावोगाव सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या, गाणी झाली. दोन्ही बाजूंनी खरी मते मांडली गेली आणि दोन्ही बाजूंनी भीतीही पेरली गेली. वेगळे राहिलात तर भाटकार परत येईल, जमीन जाईल, पोर्तुगीजांच्या लाडक्यांचे राज्य येईल, असे एकीकडे सांगितले जाई. विलीन झालात तर गोवा हा महाराष्ट्राचा एक कोपऱ्यातला जिल्हा होईल, नोकऱ्या घाटावरचे घेतील, कोकणी भाषा पुसली जाईल, दारूबंदीचा कायदा येऊन रेंदेरांच्या चुली विझतील, असे दुसरीकडे. या भीतींपैकी काही अगदीच निराधार नव्हत्या. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा खरोखरच होता, आणि माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला तत्त्वचर्चा करून पोट भरता येत नाही. तसेच भाटकाराची भीतीही काही हवेतून आलेली नव्हती.

या सर्व गलबल्यात एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. वाद झडला तो मोठ्या प्रमाणात मराठीतच. पणजीचे ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, आणि मडगावचे ‘राष्ट्रमत’ त्याविरुद्ध. ‘राष्ट्रमत’चे संपादक चंद्रकांत केणी होते, आणि त्यात उदय भेंब्रे हे तरुण लेखक ‘ब्रह्मास्त्र’ नावाचे सदर चालवीत. ज्या हिंदू वाचकाची धार्मिक पुस्तके मराठीत, ज्याची नाटके मराठीत, ज्याचे शिक्षण मराठीत, त्याला मराठीतच सांगितले गेले की, मराठीवरचे प्रेम आणि मुंबईतून चालणारे राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले असूनही दुसरे नाकारता येते. गावोगाव उल्हास बुयांव यांनी कोकणी गाणी गाऊन जी हवा निर्माण केली तिची आठवण गोवेकर आजही काढतात. पण गाण्याने मन हलते. मराठी वाचणाऱ्या घराच्या मनातली गाठ सुटायला कुणीतरी मराठीत लिहावे लागत होते. ‘राष्ट्रमत’ निःपक्षपाती होते असा माझा दावा नाही. तेही एका बाजूचे पत्र होते, आणि लेखणीला धार होती तशी झणझणीही होती. मात्र एकाच भाषेत दोन विरुद्ध बाजू वाचायला मिळणे, आणि त्यांपैकी कुठलीही वाचली म्हणून घरातून बाहेर काढले न जाणे, एवढीही सोय त्या भूमीत पाच वर्षांपूर्वी नव्हती.

कॅथलिक मतदाराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. धर्मग्रामाच्या आधाराने, सर्वांनी मिळून एकच मत द्यावे, ही अपेक्षा त्याच्याकडून बाळगणे योग्य होते काय? येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ७ डिसेंबर १९६५ रोजी, म्हणजे कौलाच्या तेरा महिने आधी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा ‘गाउदियुम एत्‌ स्पेस’ हा दस्तऐवज घोषित केला. त्याच्या त्रेचाळिसाव्या परिच्छेदाचा आशय असा की, ऐहिक प्रश्नांवर श्रद्धावंतांचे प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, ते रास्तच आहेत, आणि आपल्या मतासाठी ख्रिस्तसभेच्या अधिकाराचे पाठबळ कुणी एकाने आपल्या खिशात घालू नये. पंचाहत्तराव्या परिच्छेदात मताचा हक्क मुक्तपणे बजावणे हे नागरिकाचे कर्तव्यही मानले आहे. गोव्यातील सामान्य मतदारापर्यंत हे शब्द तेव्हा पोचले असण्याचा संभव कमी. पण आज मागे वळून पाहताना आपल्याला ते विसरून चालणार नाही. कारण कॅथलिक रेंदेर, कॅथलिक मुंडकार व कॅथलिक भाटकार यांची प्रार्थना एक होती, हितसंबंध एक नव्हते. बांदोडकरांच्या कुळकायद्याने ज्याच्या पायाखालची जमीन पक्की केली त्या कॅथलिक कुळाला विलीनीकरणाविषयी काय वाटावे, हे त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून काढता येत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. गोव्याच्या यादीत ३,८८,४३२ मतदार होते. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे शंभरांतील जवळजवळ ब्याऐंशी. मोजणीअंती दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. सात हजारांहून थोडी अधिक मते बाद झाली. ३४,०२१ मतांच्या आधिक्याने गोवा महाराष्ट्राबाहेर राहिला.

आता आरंभीच्या त्या दोन वाक्यांकडे वळू. १९६० च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती चाळीस टक्क्यांहून कमी होते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण उदारपणे पूर्ण चाळीस टक्के धरू, आणि मतदारयादीतही तेच प्रमाण मानू. म्हणजे कॅथलिक मतदार झाले सुमारे १,५५,०००. आणखी उदार होऊन असे समजू की, त्यांतला एकही आजारी पडला नाही, एकही परगावी गेला नाही, एकाचेही मत बाद झाले नाही, आणि सर्वांनी, अगदी एकजात सर्वांनी, दोन पानांवरच शिक्का मारला. तरीही दोन पानांच्या एकूण मतांत सोळा हजारांहून अधिक मते उरतातच. आणि कॅथलिकांतही इतरांप्रमाणेच ब्याऐंशी टक्के लोक मतदानाला गेले असे व्यवहाराला धरून मानले, तर ही उरलेली मते पंचेचाळीस हजारांच्या घरात जातात. गोव्यातील मुसलमानांची संख्या अल्प होती. तेव्हा ही मते बहुतांशी हिंदूंचीच. ती वजा केली असती तर निकाल फिरला असता.

‘कॅथलिकांनी राखला’ हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. ‘ख्रिस्त्यांनी तोडला’ हेही नाही. या हजारो हिंदू मतदारांवर कसले दडपण असेल याची कल्पना करून पाहावी. त्यांच्या जातीची, गावची, देवळाच्या उत्सवात बरोबर बसणारी माणसे फुलाच्या बाजूची. पुढारी आपला, ज्याने जमीन दिली तो. विरोध करावा तर ‘पाद्र्यांचा मिंधा’ म्हणवून घ्यावे लागणार. तरीही त्यांनी तसे मत दिले. आणि एखाद्या कॅथलिक वाड्यावर, शेजारपाजारचे सगळे दोन पानांचा जयघोष करीत असताना, विलीनीकरणात आपल्या गरिबीचे भले पाहणारा कुणी असेल, तर त्याच्यावरही असेच दडपण असणार. पहिल्यांचे अस्तित्व गणित सिद्ध करते. दुसऱ्याचे नाव व संख्या मतपत्रिकेच्या गुप्ततेआड राहिली, आणि त्या गुप्ततेच्या आधारावरच तो पडद्याआड जाऊन आपल्या मनासारखा शिक्का मारू शकला असेल.

कौलानंतर दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. दोन पानांच्या विजयाने हुरळलेल्या युनायटेड गोवन्स पक्षाला आता सत्ता आपलीच असे वाटत होते. निकाल लागला तो असा : महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सोळा, युनायटेड गोवन्स बारा, अपक्ष दोन. ५ एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या मतदारांनी जानेवारीत त्यांना नाकारले त्यांनीच मार्चमध्ये स्वीकारले, अशी या घटनेची सोपी मांडणी केली जाते. ती तशीच्या तशी उचलू नये. वर सांगितल्याप्रमाणे कौलात प्रत्येक मत मोजले गेले, तर विधानसभेत जागा मोजल्या गेल्या. सासष्टीतल्या राशीचा प्रश्न पुन्हा आलाच. परंतु एवढे निश्चित की, विजयी बाजूच्या पाठीराख्यांनीही या वेळी नेमकी तीच चूक केली होती जी १९६३ नंतर पराभूत बाजूने केली होती. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले ते त्यांनी सगळ्या प्रश्नांचे मानले. ‘गोवा वेगळा असावा’ म्हणजे ‘गोव्यावर आम्ही राज्य करावे’ असे त्यांनी धरून चालले. कुळाने तसे म्हटले नव्हते.

बांदोडकरांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. कौल विरुद्ध गेल्यावर त्यांनी कायद्याच्या चौकटीतच राजकारण केले, आणि विलीनीकरण न होताही १९७३ साली मृत्यू येईपर्यंत ते गोव्याचे मुख्यमंत्री राहिले. ज्यांनी त्यांच्या स्वप्नाला नकार दिला होता त्यांच्यावरही त्यांनी राज्य केले, आणि त्या वेगळ्या राहिलेल्या गोव्यात त्यांनी काढलेल्या मराठी शाळा चालूच राहिल्या.

१६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दीस’ म्हणून साजरा होतो. वाद पुरता शमला मात्र नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली, मराठीचा शासकीय वापरही त्याच कायद्याने राखला. आणि त्या निमित्ताने घराघरांत तीच जुनी विचारणा झाली, तू कोणाचा? पाठोपाठ ३० मे १९८७ रोजी गोवा भारतीय संघराज्याचे पंचविसावे घटक राज्य झाला. वीस वर्षांपूर्वीच्या मतपत्रिकेवर ज्याचे चित्र नव्हते, तो हा तिसरा पर्याय.